चहातला ज्येष्ठमध

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, अंगणवाडीतल्या आमच्या मदतनीस बाईंनाही नाही — ज्यांना माझ्या घरातला कुठला डबा कुठं असतो तेसुद्धा ठाऊक आहे. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या दारावरून जाणार नाही. सांगायचं तर सरळ सांगावं. पण ते जमत नाही, म्हणून जरा लांबून येते.

माझं माहेर मेढ्याकडचं. लग्न करून आले इस्लामपूरजवळच्या गावात, फौजेतल्या माणसाच्या घरी. अठ्ठावीस वर्षं यांनी नोकरी केली. वर्षाकाठी दोन महिने सुट्टी, त्यातही पाहुणे, लग्नं, उसाची तोड. नवरा-बायको म्हणून आम्ही एकमेकांच्या वाट्याला किती दिवस आलो असू? सुभेदार होऊन हे कायमचे घरी आले, तेव्हा ते एकोणपन्नास आणि मी शेहेचाळीस. लय खूश होते. मोटारसायकलवर बसवून मला सांगलीला न्यायचे, कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसायचे. पोरगी नांदायला गेलेली, घरात आम्ही दोघंच. म्हणायचे, "सुनंदा, आपलं लग्न आत्ता झालं बघ."

आणि त्याच वर्षी माझी पाळी थांबली.

अंगातून वाफा निघायच्या, झोप मोडायची — ते सगळ्याच बायकांना होतं, मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते दुसरंच. यांनी जवळ घेतलं की मला नकोसं व्हायचं. नुसतं नकोसं नाही, दुखायचं. कातडी सोलल्यासारखं. मी दात आवळून पडून राहायचे. यांनी कधी जबरदस्ती केली नाही, हे आधीच लिहून ठेवते — म्हणजे माझ्या बाजूनं कुणी कारण शोधायला नको. मी एकदा जरी 'दुखतं' म्हटलं असतं, तर हा माणूस हात मागे घेऊन विचारत बसला असता. मी म्हटलं नाही. डोकं दुखतंय, उपास आहे, कंबर धरलीय — असलंच सांगत राहिले.

मग मी एकटी सांगलीला गेले, बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे. घरी सांगितलं हळद आणायला चाललेय. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, पाळी जाताना अंगातलं बाईपणाचं हार्मोन कमी होतं, आतली त्वचा कोरडी आणि पातळ पडते, इच्छाही मंदावते. यात तुमचा दोष नाही, यावर इलाज आहे. आतून लावायचं मलम लिहून दिलं. आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, त्यांनाही समजावून सांगते.

मी मलम आणलं. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं. लावलं नाही. का? लावायचं म्हणजे यांना सांगायचं, दाखवायचं — कसं सांगणार? खरं सांगू? मला बरंच व्हायचं नव्हतं. मला हवं होतं की यांनीच मागू नये.

त्याच दिवसांत मोबाईलवर एका वैद्यांचं बोलणं ऐकलं. घशाला ज्येष्ठमध चांगला, पण पुरुषांनी रोज जास्त घेऊ नये, त्यांच्यातलं हार्मोन उतरतं, वासना कमी होते. ते धोका सांगत होते. मी उपाय ऐकला.

दुकानात ज्येष्ठमधाची पूड कुणालाही मिळते. मी यांच्या चहात घालायला लागले. सकाळी एक चमचा, दुपारी एक चमचा. पुढं पुढं तो चमचा शिगोशीग भरायला लागला. पूड मुळात गोड, म्हणून साखर घालत नव्हते. साखर नाही बघून यांना वाटायचं, बायको तब्येतीला जपतेय. म्हणायचे, "आजकाल तुज्या हातचा च्या लय गोड लागतोय." असं चार महिने चाललं. नवऱ्याशी बोलायची मला लाज वाटत होती. त्याच्या कपात पूड घालायची नाही वाटली.

आणि यांचं मागणं खरंच कमी झालं. पुडीनंच झालं की आणखी कशानं, मला आजही माहीत नाही. एकदा जवळ आले, आणि त्यांना जमलं नाही. उठून पाठ करून बसले. खरं तर माझ्या मनात काय आलं? सुटले, असं आलं.

त्यानंतर त्यांची फौजेची ट्रंक झाडताना कपड्यांखाली बाटल्या सापडल्या. शिलाजित, अश्वगंधा, आणि घोड्याचं चित्र असलेली कसलीशी डबी. हा माणूस सीमेवर राहून आलेला, आणि आपल्याच घरात चोरून चूर्ण खात होता. कशासाठी, ते मला कळत होतं. त्या बाटल्या मी होत्या तशा ठेवल्या, वर कपडे ठेवले — आणि चहा टाकायला गेले. त्या दिवशीही पूड घातली.

हे रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायला जायचे. आधी पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मग पाय सुजले. एक दिवस पळताना पायातलं बळच गेलं, खाली बसले ते उठताच येईना. शेजारच्या पाटलांनी जीपमध्ये घालून इस्लामपूरला दवाखान्यात नेलं. बीपी भलतंच वाढलेलं, रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उतरलं असतं तर हृदयावर आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "काढा, चूर्ण, जडीबुटी — काही घेता का?"

यांनी मान खाली घातली. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी होते. हे म्हणाले, "घेतोय साहेब. शिलाजित आणि ते दुसरं." आणि माझ्याकडं बघेनात. बायकोसमोर, नर्ससमोर त्या माणसानं आपली लाज उघडी केली. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. या वयात असले नाद कशाला, जिवापेक्षा ते मोठं आहे का? हे सगळं ऐकून घेत होते.

मला तिथं एकच शब्द बोलायचा होता. ज्येष्ठमध. अंगणवाडीत मी बाळंतिणींना बजावते, डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी तो शब्द बोलले नाही. उलट म्हणाले — "मला तर ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं."

अजून एक राहिलं. त्या वैद्यांच्या बोलण्यात पुढचं एक वाक्य होतं. बीपी असणाऱ्यांनी तर हे अजिबात घेऊ नये. ते मी ऐकलं होतं. आणि यांना फौजेतून येतानाच बीपीची गोळी लागलेली होती, रोज सकाळी मीच ती हातावर ठेवत होते. गोळी एका हातानं, चहा दुसऱ्या हातानं.

घरी येऊन पूड मोरीत ओतली. महिन्याभरात पोटॅशियम ठीक झालं, बीपी खाली आलं. शिलाजित सोडल्यानं बरा झालो, असं यांना वाटलं. आल्यागेल्याला सांगायचे, "माजीच अक्कल गहाण पडलेली. हिनं अळणी जेवण देऊन वाचवला मला." पाहुण्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी पदर सावरून आत जायचे.

पण त्यानंतर यांनी मला हात लावला नाही. पलंग बाहेरच्या सोप्यात नेला. म्हणाले, "तुला तरास नको. माजं आता त्यातलं संपलं." पुडीनं संपलं, बीपीच्या वाढवलेल्या गोळ्यांनी, की दवाखान्यात गेलेल्या अब्रूनं — कोण सांगणार? डॉक्टरांना विचारता आलं असतं. त्यासाठी मला खरं बोलावं लागलं असतं.

मलम मी वर्षभरानं लावायला लागले. सांगलीच्या बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं, दुखणं गेलं. आणि कधीतरी — मला वाटलं नव्हतं — इच्छाही परत आली. गेल्या महिन्यात दुपारी हे सोप्यात आडवे झाले होते. मी जाऊन शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांनी तो हात हळूच उचलला, थोपटला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

म्हणाले, "वय झालं गं माजं, सुनंदा. रागावू नगंस."

मी म्हटलं, "व्हय, वयच झालं."