बाबांनी परस्पर बदललेले कॅमशाफ्ट

बदलापूरजवळ खरवईला एका शेठच्या बागेची राखण बाबांनी वीस-बावीस वर्षं केली. शेठ वारले, तेव्हा त्यांची मुलं परदेशातून आली, बंगला विकला आणि फणसाखाली ताडपत्रीत उभी असलेली दोन सीटची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार कागदपत्रांसकट बाबांना देऊन गेली. बाबा शेठची जीप चालवायचे, पण या गाडीला फक्त धुवायला हात लावायची मुभा होती.

मी अंबरनाथला एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर मोजमापंच करते. त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, असा माझा समज होता.

इंजिन उल्हासनगरच्या एका सिंधी मेकॅनिकने उघडलं. सत्तरी ओलांडलेले आहेत, मी त्यांना अंकल म्हणते. दोन्ही कॅमशाफ्ट गंजून खड्डे पडलेले. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे मोठे घेतले तर इंजिन वरच्या स्पीडला जोरात पळतं, पण खालच्या स्पीडला त्याला धड श्वास घेता येत नाही. सुटे भाग विकणाऱ्याकडे तीन प्रकार होते: मूळचे, थोडे मोठे आणि शर्यतीचे.

अंकलनी एवढंच विचारलं, "गाडी चलानी किधर है?"

खरवई ते अंबरनाथ, फार तर बदलापूरचा बाजार, असं मी सांगितलं. मग मधला घ्या, म्हणाले. बाबा तेव्हा रस्त्याकडे बघत उभे होते.

तीन दिवस रोज संध्याकाळी मी बाबांना कॅलेंडरच्या मागे आकृत्या काढून समजावलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "मोटा उंचवटा म्हंजे मोटा आवाज?"

मी म्हटलं, आवाज येईल, पण गाडी गावात चालणार नाही.

"येल ना पन," बाबा म्हणाले.

मी मधल्या प्रकाराची ऑर्डर दिली. दिवसा घरी बाबाच असतात म्हणून फोन नंबर त्यांचा दिला, ही माझी चूक. खोकं आलं, मी शाफ्ट डायल गेजखाली धरला, तर उंचवटा सांगितल्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त. विकणाऱ्याला फोन करून मी चांगलं फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला की मॅडम, दुसऱ्याच दिवशी ऑर्डरच्याच नंबरवरून काकांचा फोन आला होता, सगळ्यात मोठेच पाठवा म्हणाले.

बाबा अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. विचारलं तर म्हणे, "मना वाटला तुजा आकडा चुकला."

माझा आकडा! कंपनीत माझ्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आमच्या दोघांचे निरोप आई पोचवत होती, आणि तिसऱ्या दिवशी तीही वैतागली.

तरी ते शाफ्ट बसवले. बदलून यायला दोन महिने लागणार होते, आणि खरं सांगायचं तर बाबांना एकदा कळू दे, असंही माझ्या मनात होतं. अंकलनी कपाळाला हात लावला. मग खेळायची माती पिस्टनवर थापून इंजिन हाताने फिरवलं, व्हॉल्व्ह आपटत नाहीत याची खात्री केली, कडक स्प्रिंगा घातल्या. आठवडा गेला.

उल्हासनगरहून घरी येताना गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला खोकून बंद पडली. अकरापर्यंत मी मोजलं, मग सोडून दिलं. चिखलोलीला नव्या टॉवरांसमोर ती पुन्हा सुरूच होईना, मागे पाण्याचा टँकर हॉर्न मारतोय, बाबा स्टिअरिंगवर, आणि मी ऑफिसच्या चपलांत ढकलतेय. एका वॉचमनने हात लावला म्हणून कडेला तरी आली.

"ऐकलात आता आवाज?" मी विचारलं. बाबा बॉनेटवरची धूळ पुसायला लागले.

त्या रविवारी सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. जांभूळ गावाला पाणी योजनेच्या बाजूचा रस्ता मोकळा असतो, तिथे जाऊ म्हणाले. तिथवर पोचेतो माझा जीव मेटाकुटीला आला. मग बाबांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताणली. आधी ती गुरगुरली, अडखळली, आणि एकदम मोकळी झाली. तो आवाज कानाआधी पाठीत शिरला. दोन मिनिटं, फार तर तीन.

बाबांनी गाडी झाडाखाली थांबवली. हात स्टिअरिंगवरच.

"शेठनी एकदा मना बाजूला बसवून नेला होता," ते म्हणाले. "एकदाच. तवा अशीच वाजली होती."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शेठच्या वेळी गाडीत मूळचेच, साधे कॅमशाफ्ट होते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. ते मी तिथेच ठेवलं. इतके दिवस चाललेला माझा संताप ठेवायचा कुठे, तेच मला कळेना.

मग बाबाच म्हणाले, "काड आता ते. तुजा मधला लाव."

मधले आले, बसले. गाडी आता बाजारात जाते, भाजी आणते, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहते. काढलेले शाफ्ट विकून टाका म्हणून मी चारदा सांगितलं. बाबांनी ते तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवलेत, आणि तिच्या दोन साड्यांना तेलाचे डाग पडल्यापासून घरात नवीन भांडण सुरू आहे.