मॉस्कोहून येताना

"येताना काय आणशील?"

हातात पिशवी घेतलेलं कोणी दिसलं की काकींचा हात तारेच्या कुंपणावरून पुढे यायचा आणि त्याची बाही धरायचा. माणूस दुर्गच्या बाजाराला निघालेला असो, नागपूरला लग्नाला निघालेला असो, नाहीतर नुसता ड्यूटीवर. कुठं चाललास, कधी येशील, हे त्या विचारायच्या नाहीत. येताना काय आणशील, एवढंच. उत्तर मिळेपर्यंत बाही सुटायची नाही.

आमचे हे एकदा घाईत होते. भोंगा वाजून गेला होता. म्हणाले, "काकी, प्लांटातून काय आणू? लोखंड?"

"आण ना बापा. तुकडाभर आणजो."

शिफ्ट सुटल्यावर यांनी गंमत म्हणून एक वाकडा खिळा त्यांच्या हातावर ठेवला. काकींनी तो प्रसाद घ्यावा तसा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. आम्ही हसलो. असं एखादं माणूस तुमच्याही शेजारी राहून गेलं असेल. आपण हसतो, आणि आपण कशाला हसलो ते पुढं कितीतरी वर्षांनी कळतं.

आता मी नेहरू नगरात नातवाकडे राहते. तेव्हा मात्र आमची क्वार्टरांची लाइन म्हणजे भिलाईचं शेवटचं टोक वाटायचं. रशियनांच्या मदतीने पोलादाचा प्लांट उभा राहत होता. लाल मुरमाची धूळ तांदळात, पाण्यात, वाळत घातलेल्या धोतरांवर. काकी आमच्या लाइनीतल्या शेजारीण. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून मुलाबरोबर आलेल्या. एकच मुलगा, रोलिंग मिलमध्ये फिटर. नवरा नव्हता. नव्हता म्हणजे काय, ते कोणी विचारलं नव्हतं. कपाळाला कुंकू होतं, म्हणून विचारायची सोयही नव्हती.

मी वीस वर्षांची, रेल्वेवाल्याची मुलगी, नागपूरला शिकलेली. म्हणजे माझ्या मते अख्ख्या लाइनीत शहाणी मी एकटीच. बाजारात रशियन इंजिनियरांच्या बायका यायच्या. फुलाफुलांचे फ्रॉक, ओठांना लाली, आणि पायात उंच टाचांचे, पुढं निमुळते सँडल. मुरमावरून त्या वांगी निवडत चालायच्या आणि पडायच्या नाहीत. मी भाजी सोडून त्यांच्या टाचा बघायची. जिथं वांगी घ्यायला जातानाही असे सँडल घालतात ते शहर कसं असेल, या विचारात एकदा माझी पिशवी गायीने अर्धी खाल्ली. घरी येऊन मी चवड्यांवर चालायची सवय करायला लागले. बादली घेऊन, तव्यासमोर, सगळीकडे चवड्यांवर. यांनी दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "पायात काटा रुतला का?"

अशात बातमी आली की ट्रेनिंगला मॉस्कोला जाणाऱ्यांत काकींचा मुलगा आहे.

लाइनीत पहिलाच. आम्हाला वाटलं, काकी पेढे वाटतील. काकी घरोघर फिरल्या, पण पेढे घेऊन नाही.

"काही सांगा वो माह्या पोट्ट्याले. तुमच्यासाठी काय आणू दे, ते सांगा."

लोक आधी लाजले. मग कोण लाजतंय! कोणाला घड्याळ हवं होतं, कोणाला लोकरीचा कोट. कोपऱ्यावरच्या बाईंनी तर नायलॉनची साडी सांगितली, मॉस्कोहून! खुर्सीपार गावाहून दूध घालायला येणाऱ्याला काही सुचेना. काकी म्हणाल्या, "सुचल्याबिगर जाऊ देनार नाई." शेवटी बिचाऱ्याने कंदील सांगितला.

मी सँडल सांगितले. पायाचं माप म्हणून दोरा दिला, एका टोकाला टाचेची गाठ, दुसऱ्या टोकाला अंगठ्याची. आमच्याकडे चपला अशाच आणवत. पण टाच किती उंच हवी ते दोऱ्याने कसं सांगणार? म्हणून मी काकींच्या मुलासमोर चवड्यांवर उभी राहिले आणि म्हटलं, "एवढी." तो खाली मान घालून हसला आणि हो म्हणाला. त्याच्या खिशात असे इतके दोरे जमले की निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा एक गुंता झाला होता. कोणाचा पाय आणि कोणाची कंबर, काही कळायला मार्ग नव्हता.

काकींनी स्वतःसाठी काय सांगावं? लोखंडाची कढई. भजी तळायची, मोठी, दोन कानांची.

मी पोट धरून हसले. "काकी, अहो इथं रात्रंदिवस लोखंड ओततात, आणि तुम्ही कढई मॉस्कोहून मागवता?"

त्या हसल्या नाहीत. "वस्तू सांगावं तं जड सांगावं पोरी. हलकी वस्तू माणूस दुसऱ्याच्या हातानं पाठवून देते. जड आसंल तं सोता घेऊन यावं लागते."

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी. मी परत चवड्यांवर माझ्या घरी गेले.

तो गेला. हिवाळा गेला. होळीनंतर पहिली तुकडी परत आली. सेक्टर दहामधल्या एका साहेबांनी ग्रामोफोन आणला, केसाळ टोपी आणली, बाहुलीत बाहुली आणि तिच्यात आणखी बाहुली आणली. टोपी घालून ते उन्हात फाटकाशी उभे राहिले तेव्हा बघायला गर्दी झाली होती. त्या तुकडीत काकींचा मुलगा नव्हता. त्याच्या खात्याचं ट्रेनिंग वाढलं होतं, असं कळलं.

काकी मला घेऊन सेक्टर दहाला गेल्या. साहेब भले होते, त्यांनी खुर्ची दिली. काकी खुर्चीवर बसल्या नाहीत.

"साहेब, माह्या पोरानं तुमच्या हातानं काही पाठवलं तं नाई ना?"

"नाही काकी, काहीच नाही."

काकींनी केवढा मोठा श्वास सोडला! मला नवल वाटलं. मुलाने काही पाठवलं नाही, यात एवढं सुख कसलं?

"मंग घेऊन ठेवलं आसंल त्यानं. खोलीत ठेवलं आसंल. काय काय घेतलं?"

साहेब जरा अडखळले. "खरं सांगू? त्याने अजून काहीच घेतलं नाही. आम्ही दर रविवारी मोठ्या दुकानात जायचो, केवढं दुकान म्हणून सांगू! तोही यायचा. सगळं बघायचा, हात लावून बघायचा आणि तसाच परत यायचा. आम्ही म्हणायचो, घे रे काहीतरी. तो म्हणायचा, घेऊ."

 त्या दिवसापासून कुंपणावरून त्यांचा हात यायचा बंद झाला. लोक पिशव्या घेऊन त्यांच्यासमोरून जायचे, मुद्दाम थांबायचेसुद्धा. काकी सुपातले तांदूळ निवडत राहायच्या.

लाइनीला विषय मिळाला. "तिकडची मडम केली आसंल पोट्ट्यानं," कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या. "कावून येते आता तो? इथी काय ठेवलं हाय, धूळ?" नायलॉनची साडी हातची गेली याचा राग त्यात बराच होता.

मी शहाणी. मला वाटलं, मुलगा लोकांचं सामान आणणार नाही, आपली फजिती होईल, म्हणून काकी खंगल्या आहेत. एका सकाळी मी मोठ्या मनाने त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "काकी, माझ्या सँडलची काळजी करू नका हं. नाही आले तरी चालेल मला."

काकींनी सुपातून मान वर केली. मी तो त्याग करताना चेहराही जरा त्यागासारखा केला होता, हे मला आजही आठवतं आणि आजही हसू येतं.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"याचा बाप खदानीवर कामाले गेला, तवा हा पोटात होता. मी नवी नवरी. सासू तिथीच उभी, सासरा उभा. तो दारातून वळला अन् सगळ्याइच्या समोर मले म्हणते, तुले काय आणू?" काकींनी सूप बाजूला ठेवलं. "लाज वाटली ना वो. मान हलवली म्या. काही नोको म्हटलं."

"मग?"

"मंग काय. काही आणाचंच नव्हतं त्याले. नाई आला."

कोणी म्हणे नागपूरला दिसला, कोणी म्हणे आसामात चहाच्या मळ्यात आहे. तो जिवंत होता की नाही तेही माहीत नाही. काकी कुंकू लावत राहिल्या आणि गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची बाही धरत राहिल्या.

मी उठले. घरी जाताना टाचा जमिनीवर टेकवून गेले.

मेच्या मध्यावर एका दुपारी मी कुंपणावर कपडे वाळत घालत होते. रस्त्यावरून एक माणूस येताना दिसला. अंगात जाड कोट, त्या उन्हात! चेहरा लाल. तो काकींचा मुलगा होता. मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हातात कापडी पिशवी, तीही सपाट.

"वहिनी, आई घरी आहे?"

"आहेत. पण तू... एकटाच? बाकीचे?"

"बाकीचे पुढच्या आठवड्यात. एकाची सीट रिकामी झाली. विचारलं, उद्या सकाळी कोणी जाते का? मी हात वर केला." तो जरा ओशाळला. "सामान शेवटच्या दिवशी घ्यायचं ठेवलं होतं वहिनी. आधी घेतलं असतं तर खोलीत रोज नजरेसमोर राहिलं असतं. हे कोपऱ्यावरच्या काकूंचं, हे तुमचं, ही आईची कढई. मंग तिथी दिवस निघाला नसता. आता दुकान उघडेपर्यंत थांबलो असतो तर हवाई जहाज गेलं असतं. विमान. तुमचे सँडल..."

"मर मेल्या, सँडल," मी म्हटलं. आणि हातातला ओला टॉवेल जोरात झटकला. पाणी त्याच्या कोटावर उडालं.

तेवढ्यात काकी बाहेर आल्या. मुलगा वाकून पाया पडला आणि वर न बघता म्हणाला, "आई, मी काहीच आणलं नाही. कोणाचंच. तुही कढई पन नाई."

ज्या बाईने अख्ख्या सेक्टरच्या बाह्या धरल्या, ती म्हणाली, "कोण विचारून राहिलं तुले?"

आणि त्याला आत घेऊन गेली.

बातमी पसरायला काय वेळ! तासाभरात बायका जमल्या. कोपऱ्यावरच्या बाई सगळ्यांच्या पुढं. दूधवालाही दुपारचं काही काम काढून आला होता. काकी उंबऱ्यात आडव्या बसल्या होत्या, पाय चौकटीला लावून.

"हळू बोला. झोपून राहिला."

"झोपू द्या. आमचं सामान तेवढं दाखवा."

"काही नाई आणलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाई. अवं, तिथी काही भेटतच नाई!" काकींचा आवाज एवढा अभिमानाचा होता की दुसऱ्या कोणाच्या आईचा भरलेली ट्रंक उघडून दाखवतानाही तसा लागला नसता. "नुसतं नाव मोठं त्या मॉस्कोचं. दर आइतवारी गेला माहा पोरगा, सगळं शहर पाहिलं. घ्यावं असं काहीच नाई म्हणते."

"आणि सेक्टर दहाच्या साहेबांनी ग्रामोफोन आणला तो कुठून?"

काकींनी चौकटीवरचा पाय आणखी रेटला.

"त्याइले घरी याची घाई नसंल," त्या म्हणाल्या.

 बायका एकेक करून पांगल्या.

काकींना जाऊनही आता खूप वर्षं झाली. मुलाचं लग्न झालं, नातवंडं झाली, त्यांना मांडीवर खेळवून गेल्या. मी तेव्हा माहेरी होते, मला शेवटचं दर्शन झालं नाही. त्यामुळे त्यांचं शेवटचं म्हणून मी मनात धरून ठेवलंय ते त्या दुपारचंच. सगळ्या गेल्यावर मी मागं रेंगाळले होते आणि काकींच्या खांद्यावरून आत डोकावले. मुलगा कोट काढून खाटेवर पालथा पडला होता. मेच्या त्या उकाड्यात त्याच्या पायात जाड लोकरीचे मोजे तसेच होते. ते काढायला जावं तर त्याची झोप मोडेल, म्हणून काकी उंबऱ्यावरून उठून आत गेल्या आणि सुपाने त्याच्या पायांना, फक्त पायांना, वारा घालत बसल्या.