पेचकसावरचं कुंकू

बाबूराव जगदाळे गाडी चालवताना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. वेगमर्यादेची पाटी आली की "साठ" म्हणायचे, पुढे गाव लागलं की "चाळीस". शाळेत हजेरी द्यावी तसे. मी तेव्हा इंदूरला नवीन होते, नाशिकहून नोकरीसाठी आलेली, आणि पुढच्या सीटवर बसायचे. पहिले काही दिवस मला वाटलं हे माझ्याशी बोलताहेत, म्हणून मी आपली "हो का?" म्हणायचे. मागे बसलेले सगळे हसायचे.

आमची बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर होती. सव्वासातला शहरातून निघायची आणि साडेआठच्या आत महूच्या पुढच्या आमच्या कारखान्यात पोचायची. गाडी ठेकेदाराची, बाबूराव त्याच्याकडे नोकरीला. वय अठ्ठावन्न, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आजोबा होळकरांच्या मोटारखान्यात होते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढे दर आठवड्याला सांगत राहिले. त्या आजोबांनी म्हणे कुणा बड्या सरदाराला भर रस्त्यात खाली उतरवलं होतं, कारण तो सारखा "जल्दी चलो" म्हणत होता. खरं-खोटं देव जाणे. गाडीत कचोरी खाऊ द्यायचे नाहीत, दार आपटलं तर दिवसभर गाल फुगवून बसायचे. खरं सांगायचं तर मला ते कंटाळवाणे वाटत.

गाडीला स्पीड गव्हर्नर होता, म्हणजे साठच्या वर ती जातच नसे. बाबूराव त्याला लगाम म्हणायचे. लगाम नसता तरी त्यांनी साठ ओलांडले नसते, याची आम्हाला खात्री होती आणि त्याचाच राग होता.

वाटेतल्या राऊ गावाच्या चौकात पुलाचं काम निघालं तेव्हा सगळं बिघडलं. रोज दहा-बारा मिनिटं तिथंच जाऊ लागली. कारखान्यात साडेआठनंतर अंगठा लावला की लेटमार्क, तीन लेटमार्कला अर्धी रजा. गेटवर भेरूलाल नावाचा रात्रपाळीचा पहारेकरी असे. त्याची पाळी आठला संपायची, पण बदलीचा माणूस कधीच वेळेवर येत नसल्यामुळे तो बहुतेक दिवस साडेआठपर्यंत तिथंच उभा. आमची गाडी दिसली की तो लहान फाटक आधीच उघडून धरायचा आणि ओरडायचा, "भागो भिया, अभी दो मिनट है!" आम्ही अकरा पदवीधर माणसं डबे सांभाळत धावायचो आणि तो मनापासून हसायचा.

बाबूरावांनी उपाय सांगितला होता. दहा मिनिटं आधी निघू, म्हणाले. यावर आमच्यात रीतसर चर्चा झाली. कुणाची मुलं शाळेत सोडायची होती, सुशांतला सकाळी जिमला जायचं असे. मला काहीच नव्हतं. मला ती दहा मिनिटं झोपायचं होतं, एवढंच. शेवटी आम्ही ठेकेदाराकडे लेखी तक्रार केली की चालक गाडी रेंगाळत चालवतो. ठेकेदारानं बाबूरावांना बोलावून सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर दुसरा माणूस बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला रोजच्यासारखा नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. मला जरा लाज वाटली, पण ती राऊपर्यंतच टिकली.

पुढच्या महिन्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी बाबूराव गाडी चालवत नसत. ठेकेदार त्या दिवसापुरती दुसरी गाडी पाठवायचा, इतकी वर्षं हे चाललं होतं. कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांच्या, म्हणजे समाध्यांच्या, मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून ते ती नदीच्या भिंतीशी उभी करायचे. किल्ली आणि सगळी हत्यारं घरात पाटावर मांडून, प्रत्येक पान्याला, प्रत्येक पेचकसाला हळदकुंकू लावायचे. स्क्रूड्रायव्हरला इंदूरात पेचकस म्हणतात. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना प्रसादाचं बोलावणं असे.

सुशांत आमच्याकडे देखभाल विभागात इलेक्ट्रिकल इंजिनीअर. त्या संध्याकाळी गाडीपाशी आल्यावर तो मला हळूच म्हणाला की लगाम काढणं म्हणजे दोन तारांचं काम आहे, पाच मिनिटं लागतील, म्हाताऱ्याला कळणारही नाही, फक्त पेचकस हवा. मी आत गेले. त्यांच्या बायकोनं, शालिनीकाकूंनी, माझ्या हातावर शिरा ठेवला. बाबूराव स्वयंपाकघरात पाणी भरत होते. पाटावरचा एक पेचकस उचलून मी ओढणीत घेतला आणि बाहेर आले. गाडीचं दार पूजेसाठी उघडंच होतं; सुशांतनं डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, मी मोबाईलचा उजेड धरला. काम झाल्यावर मी पेचकस जागेवर ठेवून दिला. बोटं लाल झाली होती, ती नदीकडच्या नळावर धुतली आणि परत जाऊन उरलेला शिरा खाल्ला.

त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, हे माझ्या आजोळी मी लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही नाही.

दसऱ्यानंतर गाडी निघाली. तीन दिवस बाबूराव साठनंच चालले. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. चौथ्या दिवशी महूच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला आणि काटा सत्तरवर गेला. मागून कुणीतरी हळूच टाळी वाजवली. बाबूराव समोर बघत राहिले, आम्हीही काही विचारलं नाही. मग ऐंशी झाले, मग नव्वद. लेटमार्क बंद झाले. आम्ही त्यांना "वा बाबूरावजी" म्हणू लागलो, एकदा मिठाईसुद्धा आणली. त्यांनी पाट्या वाचणं कधी सोडलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. गाडीत शांतता झाली आणि मला ती आवडली.

डिसेंबरात एका सकाळी धुकं होतं. कारखान्यात परदेशी ग्राहकाचं ऑडिट होतं, म्हणून त्या दिवशी आठला पोचायचं होतं आणि राऊलाच आठला दहा कमी झाले होते. मी म्हणाले, "बाबूराव, आज ऑडिट आहे हो. जरा बघा ना." हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. त्यांनी मान हलवली. महूच्या पुढे दुभाजकात एक कट आहे, गावातली माणसं तिथून रस्ता ओलांडतात. अलीकडे चाळीसची पाटी आहे. ती मला दिसली, काटाही दिसला. काटा ब्याण्णववर होता.

सायकल कटमधून बाहेर आली. ब्रेक लागले, पण फार उशिरा. आवाज मोठा नव्हता.

बाबूराव सगळ्यांच्या आधी उतरले. आम्ही उतरलो तोवर ते रस्त्यावर मांडी घालून बसले होते आणि भेरूलालचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. नेमका त्याच दिवशी त्याचा बदलीचा माणूस वेळेवर आला होता आणि तो आठलाच घरी निघाला होता. त्याचा डबा घरंगळत दुभाजकाशी जाऊन थांबला होता. बाबूराव त्याला "उठ भिया, उठ ना" म्हणत होते. तो तिथंच गेला. मागून कुणीतरी म्हणालं की ऑफिसला कळवायला हवं, आणि मी फोन लावला.

परिवहन खात्याचा अधिकारी गाडी तपासायला आला. त्याला डॅशबोर्डाखालची ती जोडणी पाच मिनिटांत सापडली. इतकं सुबक काम कुणी केलं, असं त्यानं विचारलं. बाबूराव म्हणाले, मी केलं. आम्ही दहा पावलांवर उभे होतो. सुशांतनं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपमध्ये त्यानं जबाबाचा मसुदा टाकला: चालक भरधाव चालवत होता, आम्ही वारंवार सांगूनही ऐकत नव्हता. अकरा जणांनी तेच लिहून दिलं. मीही दिलं, खाली स्वच्छ अक्षरात सही करून.

तीन दिवसांनी बाबूरावांना जामीन मिळाला. लायसन्स जप्त झालं, नोकरी गेली, खटला उभा राहिला. आम्हाला नवा चालक मिळाला, तिशीतला, गाणी लावणारा. तोही राऊनंतर नव्वदनं न्यायचा आणि आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, पण हळू चालव म्हणूनही कुणी सांगत नव्हतं. मी पुढची सीट सोडली. त्या कटपाशी मी रोज डोळे मिटायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे घरंगळणारा डबा यायचा. फेब्रुवारीत एका रविवारी हे सहन होईना, म्हणून मी कृष्णपुऱ्याला गेले.

बाबूराव खाटेवर बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. मी एका दमात सगळं सांगितलं. तार आम्ही काढली, जबाब खोटा आहे, मी कोर्टात खरं सांगणार आहे. सुशांतशी बोलले होते तेव्हा तो करिअरचं काहीतरी बोलला होता, तेही सांगितलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"मला मालूम होतं," ते म्हणाले. "प्रसादानंतर हत्यारं उचलली, तर एका पेचकसाचं कुंकू पुसलेलं. तुमच्या ओढणीला लागलेलं होतं ना, अमिताजी."

मग तार परत का नाही जोडली, असं मी विचारलं.

"जोडणारच होतो. तीन दिवस साठनंच नेली ना. फिर एक दिवस पाय दाबून पाहिला." त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. "चांगलं वाटलं. झूठ काय बोलू. तुम्ही लोक मागून वा वा करत होते, तेही चांगलं वाटलं. म्हणून जोडली नाही."

शालिनीकाकू दाराशी उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मी म्हणाले की कोर्टात सांगितलं तर तुमच्यावरचा बोजा थोडा तरी कमी होईल.

"कोर्टात सांगा, जरूर सांगा. पण माझं त्यानं कमी नाही होत. तार तुम्ही काढली, पाय माझा होता." मग म्हणाले, "मी भेरूलालच्या घरी जातो कधी कधी. तिथं तार मी काढली असंच सांगितलं आहे. कोर्टाच्या पहिले तिथं सांगा. मी येतो सोबत."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसनं गेलो. महूनंतर बस भरधाव सुटली. बाबूराव खिडकीशी बसले होते. कट आला तेव्हा ते पाटीकडे बघून हळू आवाजात "चाळीस" म्हणाले. कंडक्टरला वाटलं तिकीट मागताहेत, तो वळला आणि पुन्हा आपल्या जागी गेला. बसचा वेग तेवढाच राहिला.

भेरूलालचं घर गावाच्या टोकाला होतं. बाबूराव आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. ते नेहमी तिथंच बसतात, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. तिचं नाव कंचन. ती माझ्याहून लहान होती. मी तिला पेचकसापासून ऑडिटपर्यंत सगळं सांगितलं, "जरा बघा ना"सुद्धा. ती रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

शेवटी ती म्हणाली की तिचे यजमान रोज घरी येऊन आमच्याबद्दल सांगायचे. एवढी शिकलेली माणसं कशी धावतात ते अंगणात धावून दाखवायचे, आणि मग म्हणायचे की बिचाऱ्यांना लेट लागायला नको. मग तिनं मला विचारलं.

"उस दिन आप लोगों का लेट लगा था क्या?"

मी अपघातानंतर रस्त्यावरूनच ऑफिसला फोन केला होता. पलीकडचा माणूस म्हणाला होता की काळजी करू नका, आजचा लेटमार्क सगळ्यांना माफ. मी ते तिथंच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. बाबूराव तेव्हा भेरूलालचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "नहीं लगा."

कंचननं मान हलवली. बाहेर ओट्यावर बाबूराव उठून उभे राहिले आणि चपला शोधू लागले.