दोन डाव्या बाह्या

चाचांच्या नमाजाचा मला हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. आठवीतून शाळा सुटलेली मी, लग्न होऊन शिरूर अनंतपाळकडून नांदेडला आले तेव्हा कात्री धरता येत नव्हती. ब्लाउज शिवायला चाचांनी शिकवलं, त्यांच्याच दुकानात मशीन दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरी अजान झाली की ते अर्धी शिवण सोडून समोरच्या मशिदीत जायचे आणि निवांत चेहऱ्यानं परत यायचे, तेव्हा माझा जीव जळायचा. मला का जमत नाही हे?

मी मायवर गेलेली. माय घरच्या देवाला हात जोडते, दर्ग्यात दोरा बांधते, मोहरमात पंजांच्या सवारीला मलिद्याचा नैवेद्य करते. एवढं करून काळजी करतेच.

त्या दिवशी लातूरला तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. भाऊ म्हणाला, आज गर्दी नको, उद्या ये. मग मी सकाळीच महादेवाला पाणी घातलं, गुरुद्वाऱ्यात माथा टेकून लंगरात पोळ्या लाटल्या, दर्ग्यात दोरा बांधला. तरी काळजी काही जाईना. एवढ्या ठिकाणी गेले म्हणून कुणी रुसलं तर, हे वर आणखी.

दुकानात एका बाईच्या ब्लाउजचं कापड पुढ्यात घेतलं. चाचा कात्री लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणतात, तसं मीही मनात म्हणाले. मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांचीही नावं घेतली. कापड अपुरं होतं, एकेक बाही वेगळी कापायची होती. पहिली झाल्यावर दुसरीसाठी मापाचा कागद उलटा ठेवायचा असतो, तेच विसरले.

चाचांनी दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.

"बेटा, या बाईला दोन्ही हात डावेच हायत का?"

मला रडू फुटलं, आणि मनातलं होतं ते तोंडातून गेलं. "तुमचं बरं हाय चाचा. एकच दार. तुमाला भेव न्हाई."

त्यांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली.

"तुझी चाची दवाखान्यात होती तवा मी ह्याच मशिदीत बसून होतो. ती गेली. तुझ्या मायसारख्या बायकांचा लई हेवा वाटला मला त्या दिवशी. त्यांना दुसरं दार असतं. मला त्याच दारात परत जायचं होतं."

"मग कसे गेलात?"

"भेत भेत. अजून बी तसाच जातो."

त्यानंतर ते बाहीकडं वळले. एकीला बगलेत जोड देऊन उजवी करू, निभंल म्हणाले, चिंधी शोधायला लागले.

दुपारी भावाचा फोन आला. माय शुद्धीवर आली होती, चहा मागत होती. चाचांनी ऐकलं, डोळे पुसले आणि अजानला अजून वेळ होता तरी टोपी घालून रस्ता ओलांडून गेले.

मला पुन्हा हेवा वाटला. आभार मानायला कुठं जायचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. मी दारात उभी राहिले, महादेव, गुरुद्वारा, दर्गा, आधी कुणाकडं जावं ठरेना. शेवटी आत येऊन चिंधी घेतली, कागद उलटा ठेवला आहे ना ते दोनदा बघितलं, आणि उजव्या बाहीचा जोड कापला.