प्रश्नचिन्हांवर संतापलेले मेहुणे

माझ्या मेहुण्यांइतक्या प्रामाणिकपणे संतापणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लोकल उशिरा आली, सांबार खारट झालं, शेजाऱ्याने गाडी आडवी लावली, यातल्या कशानेही त्यांच्या कपाळावर आठी पडत नाही. पण एखाद्या पडद्यावर ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ अशी ओळ उमटली की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. "काहीतरी म्हणजे काय?" ते त्या पडद्यालाच विचारतात. "काय चुकलें तें सांगावें, कुठें चुकलें तें सांगावें. कांहीं न सांगतां मी परत प्रयत्न कशाला करावा?" मग आमचं वीजबिल भरायचं राहतं.

हे मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं आहे. मी सांगलीचा, पंप बनवणाऱ्या कंपनीतल्या नोकरीपायी चेन्नईत आलो आणि लग्न करून इथलाच झालो. मेहुणे मला तमिळ रिवाजाप्रमाणे ‘माप्पिळ्ळै’ म्हणतात, म्हणजे जावईबुवा. हा मान एवढ्यावरच संपतो. बाकी सगळा वेळ मी त्यांच्या लेखी एक न चालणारा प्रोग्रॅम असतो. एकदा माझं पोट बिघडलं तेव्हा सगळ्यांनी ओवा, ताक, सुंठ असं सुचवलं. हे खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "परवा चालत होतें ना? मग परवाच्या आणि आजच्या मध्यें काय बदललें?" मी आदल्या दिवशीच्या एका लग्नातल्या जेवणापासून सुरुवात केली, तर त्यांनी मला पदार्थांच्या क्रमाने सगळं पुन्हा सांगायला लावलं. पोट आपोआप बरं झालं, तेव्हा ते खट्टू झाले. कारण न कळता बरं झालेलं पोट त्यांना मंजूर नव्हतं.

त्यांची नोकरी अंबत्तूरला आहे. जावा नावाच्या भाषेत वेबसाइटी बांधायच्या, आणि इतरांनी बांधलेल्या चालेनाशा झाल्या की का चालत नाहीत ते शोधायचं. एरर आली की पडद्यावर ओळींचा नुसता पूर येतो. बाकीचे पहिली ओळ वाचून घाबरतात आणि सर्व्हर बंद करून चालू करतात. मेहुणे तो पूर खालून वर वाचतात, कारण खरं कारण तळाशी दडलेलं असतं असं ते म्हणतात. न वाचता बंद-चालू करणाऱ्या माणसाशी ते दिवसभर बोलत नाहीत. ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ असं म्हणणाऱ्याशी आठवडाभर नाही. आणि चूक होऊनही प्रोग्रॅमने काहीच झालं नाही असं दाखवावं, अशी सोय कुणी करून ठेवली असेल, तर त्या माणसाचा विषय ते जेवताना काढतात आणि आमचं जेवण नासवतात. "चूक झाली, होऊं दे. माणसाकडून होते. पण यानें ती गिळली, माप्पिळ्ळै. गिळून वर हसत बसला."

घरातही हेच राज्य. दिवाळीच्या सकाळी चटणी वाटता वाटता मिक्सर थांबला. सासूबाई बटण बंद करायला गेल्या, तर हे ओरडले, "अम्मा, हात लावूं नकोस. बंद केलें कीं पुरावा गेला." मग वास घेणं झालं, वायर चाचपणं झालं, ‘आधी डाळ घातलीस कीं खोबरें’ अशी उलटतपासणी झाली. सासूबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी थंडपणे विचारलं, "इडली कशाशीं खाणार, पुराव्याशीं?" आम्ही साखरेशी खाल्ली. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात तर त्यांनी कमाल केली. गर्दीत मी चारी बाजूंनी पिशव्यांनी लगडून उभा, आणि बिलाचं कॉम्प्युटर अडकलेलं. काउंटरवरचा मुलगा ते बंद करणार तोच मेहुणे रांग मोडून पुढे गेले आणि त्याला समजावू लागले, की तुझा प्रोग्रॅम डेटाबेसकडून जोडणी घेतो ती परत करत नाही. कॉफीच्या हॉटेलात गिऱ्हाइकांनी पेले परत दिलेच नाहीत तर पुढच्याला कॉफी कशात देणार? रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. ते फुटपाथवर उभं राहून मला म्हणाले, "बघा, तो आतां बंद करून चालू करणार." त्याने केलं, आणि बिल निघालं. मेहुण्यांनी ती साडी आपल्या बायकोला नेसूच दिली नाही असं म्हणतात. मला ते सहज खरं वाटतं.

अशा माणसाकडे तंजावरकडच्या मराठी कुटुंबांच्या मंडळाने वेबसाइट करायचं काम सोपवलं. जुने शब्द, पाळणे, स्वयंपाकाच्या रीती, घराघरातून गोळा करून एका ठिकाणी ठेवायच्या. मेहुण्यांनी सुट्टीचे दिवस घालून ती बांधली. सासूबाई शब्द सांगायच्या आणि मी ते देवनागरीत मेहुण्यांच्या लॅपटॉपवर टाइप करायचो. मेहुणे शेजारी बसून अक्षरांकडे टक लावून बघायचे. मग मंडळाने सर्व्हर भाड्याने घेतला, मेहुण्यांनी वेबसाइट त्यावर चढवली, इंग्रजी मुखपृष्ठ नीट उघडलं हे बघितलं, आणि घराघरांतून लोक आपापल्या आज्यांकडून ऐकलेलं त्यात भरू लागले. भरलं की ‘धन्यवाद’ असं पान यायचं, भरलेलं मात्र उद्घाटनापर्यंत कुणाला दिसणार नव्हतं. लोक खूश होते.

उद्घाटन मैलापूरच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी झालं. म्हाताऱ्या बायका कांजीवरम साड्या नेसून पुढच्या रांगेत बसल्या. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर प्रश्नचिन्हं आली. एकामागून एक, ओळीच्या ओळी, पान भरून प्रश्नचिन्हं. पाळण्याच्या जागी प्रश्नचिन्हं, अळूच्या भाजीच्या जागी प्रश्नचिन्हं. मागून कुणीतरी हसलं. मेहुण्यांनी धावत जाऊन आपला लॅपटॉप उघडला, तर तिथे सासूबाईंचा शब्द अन् शब्द जागच्या जागी. "माझ्या..." असं म्हणून त्यांनी जीभ चावली. पुढचे शब्द काय होते ते मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं, पण त्या क्षणी आम्हाला हसू आलं नाही.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "असूं द्या. आपण अस्कें, सगळेंच, इंग्रजी अक्षरांत लिहूं. नाहींतरी देवनागरी कोण वाचतो? पोरें तर इंग्रजीच वाचतात. कॉफी घेऊं या."

मला त्या अध्यक्षांचा जो संताप आला तो मी आजवर कुणाला सांगितला नाही, म्हणून इथे लिहितो. सकाळपासून या माणसाने ‘आपली भाषा, आपली भाषा’ म्हणून आमचे कान किटवले होते, आणि पहिल्याच अडचणीत कॉफीची वाट धरली. मी उठणार एवढ्यात मेहुणे उठले. त्यांचा आवाज चढला नाही, हेच भयंकर होतं. "कॉम्प्युटरास तुमचें नांव वाचतां येत नाहीं म्हणून तुम्ही नांव बदलणार काय?" ते म्हणाले. "चूक नांवाची नव्हे. चूक कुठें आहे तें मी सांगतों. बसावें."

मग त्यांनी मला बोलावून एकच अक्षर टाइप करायला सांगितलं, ‘अ’. त्या एका ‘अ’च्या मागे ते निघाले. फॉर्ममध्ये अ होता. प्रोग्रॅमपर्यंत पोचला तेव्हाही अ होता. डेटाबेसमध्ये उतरला आणि प्रश्नचिन्ह झाला. भाड्याच्या सर्व्हरवरचा डेटाबेस जुन्या पद्धतीने मांडलेला होता. त्याला इंग्रजीपलीकडची अक्षरं ठेवताच येत नव्हती, आणि ठेवता येत नाहीत असं सांगण्याऐवजी तो गुपचूप प्रश्नचिन्ह ठेवत होता. मेहुण्यांनी ती मांडणी बदलली, मला पुन्हा अ टाइप करायला लावला, आणि पडद्यावर अ आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणे मात्र खाली बसले.

"आतां आधीचेंही दिसेल ना?" पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

"नाहीं, पाटी," ते म्हणाले. पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी. "प्रश्नचिन्ह म्हणून ठेवलें कीं मूळ अक्षर गेलें. अम्मानें सांगितलेलें माझ्या लॅपटॉपवर आहे. बाकीच्यांचें गेलें. मी सर्व्हरवरचें एक पान उघडून बघितलें असतें तर राहिलें असतें." इतरांच्या चुकांवर आमची जेवणं नासवणारा तो माणूस सगळ्या हॉलसमोर एवढंच बोलला, आणि अध्यक्षांनीही मग कॉफीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचे माझे सगळे रविवार मेहुण्यांनी बळकावले. मला न विचारता. मोटरसायकलच्या मागे बसवून ते मला घरोघर नेतात. ज्यांचं गेलं त्यांच्यापुढे बसतात, हात जोडतात आणि पुन्हा सांगायला विनवतात. काही ठिकाणी सांगणारी माणसंच उरलेली नाहीत. तिथे आम्ही नुसते पाणी पिऊन उठतो. गेल्या रविवारी त्या हॉलमधल्या आजींकडे गेलो होतो. त्यांनी पाळणा म्हटला, अडखळत, मधलं एक कडवं विसरून. मी टाइप केला. वेबसाइटवर तो उमटला आणि मेहुणे माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

"बरोबर आहे काय?" त्यांनी विचारलं.

"वाचा की," मी जरा चिडूनच म्हणालो. बोटं दुखत होती.

ते आणखी खाली वाकले. मग आजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मला येत नाहीं, माप्पिळ्ळै. शाळेंत तमिळ होतें, मग इंग्रजी. घरांत कोणी शिकविलें नाहीं. अक्षर आहे कीं प्रश्नचिन्ह, इतकें मला कळतें. बाकी तुम्ही सांगावें."

मी पडद्याकडे वळलो आणि पाळणा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागलो. समोर आजी मान डोलवत होत्या. मेहुणे माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, आणि मी ज्या अक्षरावर असेन त्या अक्षराखालून त्यांचं बोट हळूहळू सरकत होतं.