दादाची जुनी बोट आणि डॉक्टरीणबाईंची नवी

माझा थोरला भाऊ नौदलातून निवृत्त होऊन कोरेगावला परतला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हा उसात रमेल. वर्षभर रमलाही. मग एक दिवस गोव्याहून ट्रेलरवर लादून त्यानं शिडाची बोट आणली. चोवीस फुटी, लाकडी, आम्ही दोघं शाळेत होतो त्या काळात कुणीतरी बांधलेली. आत झोपायला दोन अरुंद फळ्या, एक स्टोव्ह, आणि छत इतकं खाली की ताठ उभं राहता येत नव्हतं. परवानगीचे कागद झाल्यावर ती बामणोलीजवळ कोयनेच्या फुगवट्यात उतरवली. शनिवारी मी सांगलीहून जायचो. आम्ही वारा मिळेल तसं तापोळ्याच्या बाजूला जायचो, डोंगराच्या आडोशाला नांगर टाकायचो, तिथंच जेवून झोपायचो.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडचे सांगाडे करणं हा माझा धंदा. पाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. दादा सुकाणूचा दांडा माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जोर लावू नगंस. तिला कळतंय कुठं जायचं ते." खरंच कळायचं. तिचा पाण्याखालचा कणा लांब आणि जड होता, एकदा दिशा धरली की दांडा सोडून चहा प्यायला तरी चालायचं. वळायला मात्र बैलगाडीइतकी जागा लागायची.

वहिनी एकदाच आली होती. आत उतरताना तिचं डोकं तुळईवर आपटलं. "आवं, ही बोट हाय का कणगी?" एवढं बोलून ती जी बाहेर आली, ती परत कधी चढली नाही.

गेल्या हिवाळ्यात दादा बदललेला वाटला. त्या बोटीचं पुढचं शीड उतरवायचं तर पार टोकाशी जाऊन दोन्ही हातांनी ते खाली ओढावं लागतं. आधी तो मला तिथं फिरकू द्यायचा नाही. आता स्वतःच म्हणायला लागला, "जा रं गड्या, शिकून घे." मला वाटलं, मला बढती मिळाली.

त्याच सुमारास आमच्या शेजारी एक नवीकोरी बोट येऊन उभी राहिली. साताऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. लांबी आमच्याएवढीच, पण फायबरची, पांढरीशुभ्र आणि चांगली रुंद. बाई मोकळ्या स्वभावाच्या. दादाला म्हणाल्या, "काका, एक दिवस माझी बोट चालवा आणि माझं काय चुकतं ते सांगा." मी आग्रह केला म्हणून वहिनीही निघाली.

निघाल्यापासून दादाची तोंडी तुलना सुरू झाली. हिचा कणा आखूड, ही सारखी नाक फिरवते. ही हलकी, लाटेवर पत्र्यासारखी वाजते. दांड्याऐवजी चाक आहे, पाणी हाताला कळतच नाही. सगळं खरं होतं. पण आमच्या बोटीला जिथं तासभर लागायचा तिथं ही अर्ध्या तासात पोचली, आणि वहिनीनं आत ताठ उभं राहून सगळ्यांचा चहा केला. खिडकीतून डोंगर बघत ती म्हणाली, "भावजी, ह्यात बाईमाणूस बसू शकतंय."

दुपारी दरीतून एकदम वारा सुटला. बोट इतकी कलली की कडेवरून पाणी आत आलं. सवयीनं मी शीड उतरवायला पुढं जायला उठलो, तर बाई म्हणाल्या, "बसा, बसा." पुढच्या शिडाच्या तळाशी एक रीळ होतं आणि त्याची दोरी बसायच्या जागेपर्यंत आणलेली होती. "काका, ती ओढा." दादानं बसल्या जागी दोरी ओढली. शीड ज्या तारेवर चढवलेलं होतं, तिच्याभोवती चटईसारखं गुंडाळत गेलं आणि बोट सरळ झाली.

दादानं दोरी हातातच धरून ठेवली आणि म्हणाला, "दिवाळीच्या आधी मी पडलो व्हतो. आपल्या बोटीवर. एकटाच व्हतो."

"कुठं?" वहिनीनं विचारलं.

"फुडं, शीड उतरवताना. गुडघ्यानं दगा दिला. एक पाय पाण्यात गेला. तार हाताला लागली म्हणून वाचलो."

वहिनीनं कप खाली ठेवला. "आन् मला सांगितलं व्हतं, बांधावर घसरलो!"

"सांगितलं असतं तर तू पाण्यावर जाऊ दिलं असतंस?"

ती त्याच्याजवळ सरकून बसली. मला माझ्या बढतीचा अर्थ तेव्हा कळला. महिनोन्महिने तो ते दुखणं एकट्यानं वागवत होता. बोट हातची जाईल या भीतीनं.

परत आल्यावर मी बाईंची परवानगी घेऊन त्या रिळाची मापं काढली. दादा चिडला. "माझ्या बोटीला असली कुबडी न्हाई लावायची." मी म्हणालो, "दादा, बोट तुमचीच ऱ्हाणार हाय. फक्त तुमी फुडं जायचं न्हाई." त्यावर त्यानं माझ्या हातातला मापांचा कागद घेऊन बघितला. मी ते होकार समजलो.

स्टेनलेसचं रीळ, दोन बेअरिंग, तारेवर चढवायला अ‍ॅल्युमिनियमची नळी. शेडच्या कामातून वेळ काढत तीन आठवडे लागले. पहिल्याच दिवशी वरच्या टोकाला शीड चढवायचा दोर तारेभोवती गुंतला आणि शीड अर्ध्यात अडकलं. दादानं डोळे बारीक करून वर बघितलं. "वरचा दोर मागं खेचून बांध, मग न्हाई गुतायचा," म्हणाला. तसं केलं आणि ते चाललं.

आता तो एकटा जात नाही, हे वहिनीला दिलेलं वचन पाळतो. डॉक्टरीणबाई अधूनमधून आमच्या बोटीवर येतात, दांडा धरून बसतात आणि म्हणतात की वारा कसा ओळखायचा हे त्यांना इथं समजतं. वहिनी मात्र बाईंच्याच बोटीत बसते. परवा दोन्ही बोटी शेजारी नांगरल्या होत्या. तिनं तिकडून भाकरी आणि खर्डा पुढं केला, दादानं वाकून ताट घेतलं आणि विचारलं, "येतीस का हिकडं?"

"डोकं आपटायचं बंद झालं की येते," ती म्हणाली, आणि दादा पहिल्यांदाच छताची उंची मापायला टेप मागायला लागला.