मिलिंदचे ठोके आणि वैशालीचे डबे

परदेशातल्या आमच्या फेल्डहोवन गावच्या मराठी ग्रुपचे किस्से जमवावे लागत नाहीत. सिंकमधल्या भांड्यांसारखे आपोआप साचतात! त्यातले कोरोनातले, माझ्या नवऱ्याच्या आजारपणातले आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

मिलिंदच्या हृदयाचे ठोके बिघडले. चुकीचे ठोके देणारी जागा आतून भाजायची, म्हणजे ॲब्लेशन, असं ठरलं. कोरोनामुळे तारीख पुढे गेली. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "तारीख माझ्या हातात नाही. वजन, घोरणं आणि बिअर तुमच्या हातात आहे. ते सांभाळलं नाहीत, तर एवढं करूनही ठोके परत बिघडू शकतात."

मी हे ग्रुपवर लिहिलं. तीच घोडचूक!

* * *

दुसऱ्याच दिवशी दाराच्या कडीला डबा. ग्रुपमधल्या वैशालीचे अनारसे! लॉकडाऊनमुळे बेल वाजवून ती सायकलवरून पसार. मी चिडून फोन केला, "अगं, त्याला वजन उतरवायचंय!"

"माहितीये ना! म्हणून तर साजूक तुपात तळलेत!"

* * *

घोरताना मिलिंदचा श्वास अडकायचा, म्हणून झोपताना लावायचा मास्क मिळाला. व्हिडिओ कॉलवर वैशालीचा नवरा नितीन हसत सुटला. "मिल्या, पायलट झालास की! अरे, घोरणं म्हणजे गाढ झोप. आमचे बाबा आयुष्यभर घोरले."

"आणि आई?" मी विचारलं.

"ती हॉलमध्ये झोपायची."

मिलिंदने लाजून आठवडाभर मास्क कपाटात ठेवला. मी किती भांडले असेन!

* * *

पण खरा राग मला मिलिंदचाच यायचा. ताटावर आडवा हात धरणं या माणसाला जन्मात जमलं नाही. नितीनच्या बागेत, दीड मीटर अंतर राखून, "एकाने काय होतंय?" म्हणत बिअर पुढे आली आणि यांनी घेतली! घरी येईपर्यंत छाती धडधडायला लागली.

"त्याला वाईट वाटलं असतं गं," म्हणे!

"आणि मला काय वाटेल, ते?" मी ओरडले आणि रडलेच. त्यानंतर मात्र बिअर बंद झाली. मास्कही कपाटातून बाहेर आला.

* * *

ॲब्लेशन झालं. पुढच्या तपासण्यांत ठोके सरळ निघाले. निर्बंध उठल्यावर नितीनकडे जेवण ठरलं. मी आधीच बजावलं होतं, तरी गुलाबजाम होतेच!

जेवताना नितीनने हळूच मनगट पुढे केलं. "मिल्या, बघ रे जरा. तुझीही अशीच पळायची का?"

मिलिंदने नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ काढलीच नाहीत.

तेवढ्यात वैशाली गुलाबजामचं पातेलं घेऊन आली. "नितीन, तू काहीच घेतलं नाहीस! एक तरी घे, माझी शपथ आहे!"

मिलिंदने नितीनच्या ताटावर आडवा हात धरला.